पडवीच्या खांबावर आलेला हा वीतभर पतंग कोणता?

सुरंगी | १० जून, सकाळी ७:४०

आमचं घर संगमेश्वर तालुक्यात, डोंगराच्या उताराला. मागे ऐन आणि किंजळीचं रान. काल पावसाची पहिली मोठी सर येऊन गेली. आज पहाटे पडवीत आले तर मधल्या खांबाला हा चिकटलेला. पंख पसरलेले, या टोकापासून त्या टोकापर्यंत माझी वीत जेमतेम पुरली. रंग हळदीत राख कालवल्यासारखा. चारही पंखांवर मधोमध एकेक गोल आहे आणि त्यातून खांबाचं लाकूड आरपार दिसतं. मला आधी वाटलं पंखांना भोकं पडलीत. जवळ जाऊन पाहिलं तर काचेसारखा पापुद्रा आहे आणि त्याभोवती पिवळी-काळपट कडी. पुढच्या पंखांची वरची कड करडी, ती पट्टी मानेवरून सलग दुसऱ्या पंखावर जाते, खांद्यावरून शाल घ्यावी तशी.

खांबाखाली मातकट दुधासारख्या पाण्याचा डाग पडलाय. त्यामुळे जीव घाबरा झालाय, हा जखमी आहे का? वाटीत साखरपाणी ठेवलं, ढुंकून बघत नाही. हा कोणता, आणि याला खायला काय देऊ?

खडीसाखर | सकाळी ७:५८

अ‍ॅटलास मॉथ! जगातल्या सगळ्यात मोठ्या पतंगांपैकी एक. नशीबवान आहात. लगेच वनखात्याला कळवा.

पक्याभाऊ | सकाळी ८:०५

बापरे. आमच्याकडे एवढा पाहुणा आला तर आधी चहा टाकतील.

रानवाटसरू | सकाळी ८:३१

खडीसाखर, अ‍ॅटलास नाही वाटत. अ‍ॅटलासच्या पंखांतल्या खिडक्या त्रिकोणी असतात आणि पुढच्या पंखाचं टोक बाहेर वळलेलं असतं, नागाच्या तोंडासारखं. त्याचा रंगही विटकरी-तांबूस. सह्याद्रीत दिसणाऱ्या अ‍ॅटलासला बरेच अभ्यासक आता अटॅकस टॅप्रोबॅनिस ही वेगळी जात मानतात, दक्षिण भारत आणि श्रीलंकेतली. सुरंगीताईंनी गोल खिडक्या लिहिल्यात, शिवाय ती करडी शाल. दुसरा जो मोठा पतंग आपल्याकडे येतो तो मून मॉथ, तो फिकट पोपटी आणि त्याला लांब शेपट्या. तोही नाही.

माझ्या मते हा टसरचा पतंग, अँथेरिया मायलिटा. ज्याच्या कोषापासून टसर रेशीम निघतं तोच, पण तुमच्याकडचा रानातला.

एक सांगा, मिशा कशा आहेत? पिसासारख्या रुंद की बारीक?

सुरंगी | सकाळी ८:५०

मिशा बारीक आहेत, अगदी बारीक दाते असलेल्या फणीसारख्या. पोट मात्र जाड, माझ्या अंगठ्यापेक्षा जाड.

टसर तर विदर्भात होतं ना? संगमेश्वरात कसं?

रानवाटसरू | सकाळी ९:०२

म्हणजे मादी. पोटातला भार अंड्यांचा.

शेती विदर्भात होते, पतंग मात्र ऐन जिथे आहे तिथे असतो. ऐन, अर्जुन, साल ही त्याची मुख्य झाडं, बोरावरही होतो. कोकणात ऐन किती आहे हे तुम्हाला मी काय सांगायचं.

जीवशास्त्रवाली | सकाळी ९:२०

डागाचं सांगते, काळजी सोडा. कोषातून बाहेर आल्यावर पतंगाचे पंख ओल्या फडक्यासारखे गोळा झालेले असतात. तो कुठेतरी चढून लटकतो, अंगातला द्रव पंखांच्या शिरांत भरतो, पंख ताणले जातात. कोषात असताना साठलेली घाण तो याच वेळी बाहेर टाकतो. तुमच्या खांबाखालचा डाग तोच. याचा अर्थ बाई कालच रात्री जन्माला आली, तेही तुमच्या पडवीच्या आसपासच. डाग जिथे पडला तिथेच तिने पंख वाळवले.

आणि खाण्याचं: काहीही देऊ नका. हिला खाता येईल असं तोंडच नाही, सोंड वाढलेलीच नसते. अळी असताना जे खाल्लं त्या शिदोरीवर ती आठवडाभर काढणार. जोडीदार, अंडी आणि मरण, एवढंच आता उरलंय.

पक्याभाऊ | सकाळी ९:२६

म्हणजे चहा रद्द.

निशिगंध_पेण | सकाळी १०:११

रात्री घरात आलेला मोठा पतंग म्हणजे पितर, त्याला हाकलू नये, असं माझी आजी सांगायची. दिवा मालवून दार उघडं ठेवायची आणि हात जोडायची. आमच्या घरात एकही पतंग केरसुणीने मेला नाही तो त्यामुळे.

सुरंगी | सकाळी १०:४०

निशिगंध, माझ्या सासूबाई सकाळी हेच म्हणाल्या. हळदकुंकू वाहून गेल्या खांबाला.

जीवशास्त्रवाली, तुमचं "आसपासच" वाचून एक आठवलं. एप्रिलमध्ये राब भाजायच्या, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायच्या, आधी कवळाचा (तोडून वाळवलेल्या डहाळ्यांचा) ढीग उसकटताना मुलाला फांदीला लटकलेलं एक लाकडी अंड्यासारखं काहीतरी सापडलं होतं. लहान कोंबडीच्या अंड्याएवढं, करडं, वर काळ्या रेघांची जाळी, आणि देठाला टणक कडं, ते फांदीभोवती घट्ट बसलेलं. आम्हाला रानातलं फळ वाटलं. मुलाने फांदीसकट आणून पडवीच्या खुंटीला अडकवलं. त्याचा याच्याशी संबंध असेल का?

भंडाऱ्याची_लेक | सकाळी १०:४४

अहो ताई, तो कोसाच, टसरचा कोष! आधी जाऊन बघा, देठाच्या बाजूला भोक पडलंय का.

सुरंगी | सकाळी १०:५२

पडलंय. देठाला लागून, बोट जाईल एवढं, आणि भोवतीचे धागे अजून ओलसर आहेत. आत हलवल्यावर वाजतंय, वाळकं टरफल असावं. अंगावर काटा आला. दोन महिने ही आमच्या डोक्यावर लटकत होती आणि आम्ही खाली बसून फणस कापत होतो.

भंडाऱ्याची_लेक | सकाळी ११:३०

आता सविस्तर लिहिते, कारण हा माझ्या माहेरचा विषय.

आम्ही भंडारा जिल्ह्यातले, ढिवर समाजातले. तळ्यातली मासेमारी आणि रानातला कोसा, दोन्ही घरात. माझे आजोबा ऐनावर कोसा घ्यायचे. मृगाचा पाऊस लागला की ठेवलेले बियाणाचे कोसे फुटायचे. संध्याकाळ झाली की आधी देठाकडचं टोक ओलं व्हायचं. पतंग आतून एक पाचक रस सोडतो, त्याने धाग्यांना धरून ठेवणारा डिंक सुटतो आणि तो डोक्याने धागे बाजूला सारत बाहेर येतो. दात नाहीत, नखं नाहीत, नुसतं ढकलणं. आम्ही पोरं कंदील लांब ठेवून बघत बसायचो.

पूर्वी मादीला टोपलीत घालून झाडाला टांगायचे आणि रानातला नर आपणहून यायचा. तुम्हीही तेच करा. आज रात्री पडवीतला दिवा लावू नका. मादीला हात लावू नका, ती पहिल्या रात्री फारशी उडत नाही, जागेवर बसून वास सोडते. आपल्याला तो येत नाही. नराला येतो, त्याच्या पिसासारख्या मिशा त्यासाठीच.

अंडी मिळाली तर पुढचं सांगते.

खडीसाखर | सकाळी ११:४१

माझी ओळख चुकली, पण चुकली ते बरंच झालं. हा धागा सोडवत नाहीये.

ओक_आणि_मेपल | दुपारी १२:१५

मी न्यू जर्सीत. इथे ओक आणि मेपलवर याची चुलत बहीण असते, अँथेरिया पॉलिफेमस. रंग तसाच खाकी-पिवळा, खिडक्या तशाच गोल, मागच्या पंखांवरच्या मोठ्या डोळ्यांवरून ग्रीक पुराणातल्या एका डोळ्याच्या राक्षसाचं नाव दिलंय. गेल्या वर्षी गॅरेजच्या दारावर बसली होती आणि मला उगाच राजापूरच्या आजोळची आठवण आली. आता कळलं, उगाच नव्हती. लहानपणी तिथे हीच पाहिली असणार.

सुरंगी | ११ जून, सकाळी ६:०५

आला!!

रात्री दिवे मालवले, शेजारच्यांनाही बाहेरचा बल्ब बंद करायला सांगितलं. मी आणि मुलगा घोंगडी घेऊन पडवीत. साडेबारापर्यंत काही नाही, मुलगा झोपला. दीडच्या सुमाराला खांबाजवळ फडफड ऐकू आली, सुपात कोणी हळूहळू धान्य पाखडावं तशी. बॅटरीवर लाल कापड बांधलं होतं, त्या उजेडात पाहिलं. तिच्यापेक्षा थोडा लहान, रंग विटेसारखा तांबडा, मिशा म्हणजे दोन फर्नची पानं. आता दोघं पोटाला पोट जोडून स्तब्ध बसलेत. मुलाला उठवलं, तो अजून बोलत नाहीये, नुसता बघतोय.

रानवाटसरू | सकाळी ६:३०

सुरंगीताई, दिवे बंद केलेत हे फार मोठं काम केलंत. नर रात्रभर वास हुंगत फिरतो आणि वाटेत पांढरा बल्ब लागला की त्याच्याभोवती गरगरून दमतो. खाणं नाहीच, त्यामुळे गेलेली ताकद परत येत नाही. सकाळी भिंतीवर बसला की कोतवाल नाहीतर मैना उचलते. मादी रानात वाट बघत राहते. पावसाळ्याचे पहिले पंधरा दिवस जरी अंगणातले दिवे नऊनंतर मालवले तरी पुरे.

भाताचं_खाचर | सकाळी ९:१५

मी गुहागरचा, शेती करतो. सगळं वाचलं. मनात एक आलं ते विचारतो. आम्ही दर वर्षी ऐनाचा कवळ तोडतो, वाळवतो आणि चैत्र-वैशाखात राबावर पसरून भाजतो. म्हणजे असे किती कोसे आम्ही जाळले असतील?

रातराणी_०७ | सकाळी ९:३२

हेच म्हणणार होते. राब भाजणं बंदच व्हायला हवं. झाडं ओरबाडायची, वर त्यातले जीव जाळायचे. आता खतं मिळतात, तणनाशकं मिळतात, मग हा हट्ट का?

भाताचं_खाचर | सकाळी १०:२०

रातराणी, रागावू नका, पण तणनाशक मारून पतंग वाचेल का? राबाने तरव्यातलं, म्हणजे रोपांच्या वाफ्यातलं, तणाचं बी मरतं, रोप जोमदार येतं. आमच्याकडे ऐन अजून उभा आहे तो कवळ लागतो म्हणूनच. ज्याला कवळ नको झाला त्याने ऐन तोडून काजू लावला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. कलमाच्या बागेत हा पतंग कशावर जगणार?

भंडाऱ्याची_लेक | सकाळी १०:४८

दादा बरोबर बोलतायत. आमच्याकडेही कोसा घ्यायची झाडं छाटतात. छाटल्यावर जी कोवळी पालवी फुटते ती लहान अळीला लागते, जून पान तिला चावत नाही. तेव्हा ऐन तोडणं हा गुन्हा नाही. तोडलेल्या फांदीवर काय लटकतंय ते न बघणं, तिथे नुकसान होतं.

जीवशास्त्रवाली | सकाळी ११:३६

इथे वर्षाचं चक्र समजून घेतलं की वाट सापडते. जूनमध्ये पतंग निघाले, अंडी घातली. आठ-दहा दिवसांत अळ्या. चार वेळा कात टाकून महिना-सव्वा महिन्यात त्या कोष विणतात. यातले बरेच कोष पावसाळ्यातच फुटतात आणि दुसरी पिढी सुरू होते. दुसऱ्या पिढीच्या अळ्यांना जास्त दिवस लागतात. त्या दसरा-दिवाळीनंतर कोष विणतात आणि आतला कोशित जीव झोपतो. हिवाळा, उन्हाळा, सगळा झोपेत. हवेत दमटपणा आला की जूनमध्ये जाग.

म्हणजे तुम्ही कवळ तोडता तेव्हा फांदीवर नेमकी झोपलेली पिढी असते. ऐनाची पानं उन्हाळ्यात गळतात, कोसा मात्र गळत नाही. अळी विणायला बसण्याआधी फांदीभोवती रेशमाचं कडं घालते, त्याला देठ करते, मग पानांच्या आडोशाला कोष. ते कडं चाकूने कापायला जड जातं. त्यामुळे फांदी ढिगात गेली की कोसाही गेला.

सुरंगीताईंच्या मुलाला तो दिसला, कारण तो ढीग उसकटत होता. एवढंच करायचं. कवळ रचताना आणि भाजायच्या आधी, दोनदा बघायचं.

भाताचं_खाचर | सकाळी ११:५०

हे जमेल. गड्यांनाही सांगता येईल. कोसा ओळखायचा कसा ते एकदा नीट लिहा, वाळक्या फळात आणि त्यात फरक पटकन कळत नाही.

भंडाऱ्याची_लेक | दुपारी १२:२०

हातात घ्या. फळाचा देठ फांदीतून निघतो, कोशाचा देठ फांदीला मिठी मारतो. कडं फांदीवर किंचित गोल फिरतंही. मग कानाशी धरून हलकेच हलवा. जड लागला आणि आत बोथट "टक" झालं तर जिवंत. हलका आणि खुळखुळणारा असेल तर आतलं मेलंय किंवा माशीने खाल्लंय. भोक असेल तर पतंग गेलेला.

जिवंत असेल तर फांदीचा तुकडा ठेवूनच कापा आणि देठ वर राहील असा ऐनाला परत बांधा. ओंबील, म्हणजे तांबड्या मुंग्या, जिथे पानं शिवून घर करतात ते झाड टाळा.

मुंबईकर_आदिती | दुपारी १:०२

एक विचारू? ही अळी अंगाला लागली तर खाज सुटते ना? आमच्या सोसायटीत शेवग्यावरच्या केसाळ अळ्यांनी नुसता कहर केला होता.

रानवाटसरू | दुपारी १:२०

नाही. शेवग्यावरच्या वेगळ्या. टसरच्या अळीला विरळ केस असतात पण खाज येत नाही. विदर्भात लोक रोज हाताने त्या एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात.

सुरंगी | १३ जून, सकाळी ७:१५

अंडी! काल संध्याकाळी जोडी सुटली, नर उडून गेला. मादीने रात्रभर खांबावर, खुंटीवर, मुलाच्या दप्तराच्या पट्ट्यावर अंडी घातली. मेथीच्या दाण्याएवढी, चपटी, कडेने दोन तपकिरी रेघा, जणू कोणी डब्याला झाकणाची खूण करून ठेवलीय. एकशे बासष्ट मोजली. मुलगा म्हणतो दप्तर शाळेत नेणार नाही.

यांना खोक्यात ठेवून घरात वाढवू का?

जीवशास्त्रवाली | सकाळी ७:५०

घरात नको. ही तुतीच्या रेशीमकिड्यासारखी घरात पोसलेली जात नाही. तुटलेलं पान सुकतं, अळी हिंडत बसते, बंद खोक्यात रोग पसरतो.

रातराणी_०७ | सकाळी ८:१०

पण बाहेर ठेवली तर पक्षी, मुंग्या खाणार. दीडशेतल्या दहा तरी जगतील का? घरात निदान निम्म्या वाचतील. मी सुरवंट घरात वाढवून फुलपाखरं सोडली आहेत.

भंडाऱ्याची_लेक | सकाळी ८:४५

रातराणी, तुमची माया कळते. पण पेब्रिन नावाचा रोग आईच्या अंगातून अंड्यात उतरतो. म्हणूनच बियाणं करणारे अंडी घेतल्यावर मादीला ठेचून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि रोगाची खूण दिसली तर तिची सगळी अंडी नष्ट करतात. १८६०च्या दशकात फ्रान्समधला रेशीमधंदा या रोगाने बुडत होता, तेव्हा लुई पाश्चरने ही तपासणीची रीत घालून दिली. आजही तीच चालते. रानातल्या मादीची तपासणी झालेली नाही. शंभर अळ्या एका खोक्यात कोंबल्या आणि एक रोगी निघाली तर सगळ्या जातील. झाडावर त्या पांगतात.

ताई, ऐनाच्या पानांचे द्रोण करा, अंडी अलगद त्यात ठेवा आणि कोवळी पालवी असलेल्या तीन-चार झाडांना काट्याने टोचून द्या. अळ्या आपोआप चढतील. आजोबा गोफण घेऊन दिवसभर झाडाखाली बसायचे, पाखरं उडवायला. त्या महिन्यात घरात मासळी शिजायची नाही आणि ते दाढी करायचे नाहीत. कोसा म्हणजे व्रत होतं त्यांचं. तुम्ही व्रत नाही केलं तरी चालेल, पण रोज एक चक्कर मारा.

सुरंगी | २२ जून, संध्याकाळी ६:३०

काल सकाळी फुटली. आधी स्वतःचं टरफल खाल्लं, मग निघाल्या. मुंगीपेक्षा थोड्या मोठ्या, पिवळट-तपकिरी, डोकं काळपट. मादी १७ तारखेला खांबाखाली मेलेली सापडली. सासूबाईंनी तुळशीखाली पुरली.

ओक_आणि_मेपल | २२ जून, रात्री ९:१०

मी इथे ऑफिसात बसून डोळे पुसतेय.

सुरंगी | १९ जुलै, दुपारी ४:२०

चार दिवस पाऊस एवढा की झाडांपर्यंत जाता आलं नाही. आज गेले. पहिल्या आठवड्यात शंभरच्या आसपास मोजल्या होत्या, आज अकरा दिसल्या. एका झाडावर ओंबील चढल्या होत्या, तिथे एकही नाही. पण ज्या आहेत त्या! बोटाएवढ्या जाड, हिरव्यागार, अंगावर जांभळट पुटकुळ्या आणि कुशीला चांदीचे ठिपके, पाऱ्याचा थेंब चिकटवावा तसे चमकणारे. हात लावला की पुढचा भाग उचलून मान दुमडून बसते. पान कडेने खाते तेव्हा कुरकुर आवाज येतो, छत्री बंद केली तर स्पष्ट ऐकू येतो.

एकीच्या पाठीवर मात्र पांढरे दोन कण दिसले, खसखशीसारखे. हे काय?

भंडाऱ्याची_लेक | सायंकाळी ५:०५

उझी माशीची अंडी. माशीची अळी आत शिरते आणि तिला आतून खाते. ती बहुतेक कोष विणेल, पण पतंग निघणार नाही. अकरातून पाच-सहा कोसे झाले तरी रानाच्या हिशोबाने भरपूर आहेत ताई. वाईट वाटून घेऊ नका.

सुरंगी | १ ऑगस्ट, सकाळी ८:००

सात कोसे. मोजून सात. एकीला विणताना पाहिलं: आधी फांदीभोवती कडं, शंभरदा डोकं फिरवून. मग दोन पानं ओढून घेतली आणि आत दिसेनाशी झाली. पहिल्या दिवशी कोष पातळ होता, उन्हाकडे धरल्यावर आतली हालचाल दिसली. दुसऱ्या दिवशी आत काहीतरी दुधट लेप दिला आणि तो खडखडीत झाला.

जीवशास्त्रवाली | १ ऑगस्ट, सकाळी ८:४०

तो लेप चुन्याच्या क्षाराचा, कॅल्शियम ऑक्झलेट. टसरचा कोष एवढा टणक होतो त्यात त्याचाही हात आहे. म्हणूनच तुम्हाला एप्रिलमध्ये लाकूड वाटलं.

मुंबईकर_आदिती | १ ऑगस्ट, सकाळी ९:३०

माझ्याकडे लग्नातली टसरची करवतकाठी आहे. आज कपाटातून काढून मांडीवर घेऊन बसले.

भंडाऱ्याची_लेक | १ ऑगस्ट, सकाळी १०:१५

आदिती, माझी आजी मांडीवरच धागा वळायची. फुटलेल्या कोशाचा सलग धागा निघत नाही, तरी तोही ती टाकायची नाही, कातून घ्यायची. सुरंगीताई, तुमच्या पडवीतला तो पहिला कोसा टाकू नका.

भाताचं_खाचर | २१ डिसेंबर, संध्याकाळी ७:४५

धागा वर काढतो. यंदा कवळ तोडताना गड्यांना प्रत्येक फांदी हातातून काढायला लावली. अडीच दिवसांत नऊ कोसे निघाले. दोन भोकाचे, एक हलका, सहा जड. सहाही बांधावरच्या ऐनाला देठ वर ठेवून बांधले, काथ्याने. त्या ऐनाला यंदा हात लावलेला नाही.

सगळ्यात जास्त कोसे आमच्या म्हाताऱ्या गड्याने ओळखले. तो म्हणाला, "ही तर मी लहानपणी भिंगरी करून फिरवायचो." त्याला विचारलं तेव्हा किती सापडायचे, तर म्हणाला, खिसा भरून.

सुरंगी | २१ डिसेंबर, रात्री ८:१०

दादा, सहा! माझ्या सातांपैकी पाच ऑगस्टअखेर फुटले होते, दोन उझीने गेले. त्यानंतर रोज चक्कर मारत होते, दुसऱ्या पिढीचं काही दिसलं नव्हतं. तुमचं वाचून आत्ता बॅटरी घेऊन मागे जाऊन आले. किंजळीवर, पार वरच्या फांदीला, एक आहे. ऐनावर शोधत होते म्हणून सापडला नव्हता.

रानवाटसरू | २१ डिसेंबर, रात्री ८:२५

किंजळ ऐनाचीच भावंड आहे, चालते त्याला. फांदीला खुणेचा दोरा बांधून ठेवा, नाहीतर जूनमध्ये कुठली ते आठवणार नाही.

सुरंगी | २२ डिसेंबर, सकाळी ७:००

बांधला. लाल. मुलगा चढला होता.